परदेशी अध्यापन आणि शिक्षक दांपत्ये

(शिक्षकांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



परदेशातील नोकरीची चौकशी करण्यासाठी आमच्या कार्यालयात येणाऱ्यांमध्ये अलीकडे एक नवा वर्ग दिसू लागला आहे. पती-पत्नी दोघेही बी. एड., त्यांपैकी निदान एक इंग्रजीचा शिक्षक, आणि दोघांनाही काम हवे ते एकाच ठिकाणी. प्रसिद्धी खात्यातील मनुष्याने या विषयावर काय बोलावे, असे कोणास वाटेल. परंतु हा प्रसंग माझ्या आप्तांतच घडला असल्यामुळे अधिकाराने नव्हे, तरी अनुभवाने मी चार शब्द बोलू शकतो.

परदेशी जाऊन शिकविणे ही आपणांस अपरिचित गोष्ट नव्हे. नैरोबीच्या डॉ. रिबेरो गोवन स्कूलचे नाव गोव्यातील जुन्या मंडळींना ठाऊक असेल. इथिओपियात सम्राट हैले सेलासी यांच्या कारकिर्दीत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने गेले. त्यांत केरळची मंडळी पुष्कळ होती आणि अनेक दांपत्येही होती.

आज आपल्यासाठी मोकळी असलेली दारे मोजकीच आहेत. कोरिया, चीन आदी देशांत इंग्रजी शिकविण्यासाठी ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशांनाच पसंती मिळते. इंग्रजीत एम. ए. झालेल्या आपल्या शिक्षकास हे अपमानास्पद वाटते, आणि मलाही ते न्याय्य वाटत नाही. परंतु नियम त्यांचे आहेत. भारत व कोरिया यांच्यातील करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आल्याने पदवी आणि इंग्रजी अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांना तेथे साहाय्यक शिक्षक म्हणून वाव मिळाला, तो मात्र लक्षात ठेवावा. आपणांस खरोखर जवळची अशी क्षेत्रे दोन : आखातातील भारतीय शाळा आणि मालदीव. मस्कतची भारतीय शाळा १९७५ साली सुरू झाली. बहरीनची त्याहून जुनी, १९५० ची. जोडप्यास एकच घर पुरते, म्हणून शाळाचालकांनाही दांपत्य सोयीचे पडते.

माझा मावसभाऊ आणि त्याची पत्नी यांनी मालदीवची निवड केली. सुमारे बाराशे बेटांचा हा देश. त्यांपैकी वस्ती असलेली बेटे दोनशेच्या आत, आणि उत्तर-दक्षिण विस्तार आठशे किलोमीटरहून अधिक. तेथे शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे भारतीय शिक्षक वर्षानुवर्षे जात आले आहेत. एका मध्यस्थाने या दोघांना "दोघांनाही एकाच बेटावर नेमणूक" असे तोंडी आश्वासन दिले, पैसे घेतले, आणि त्यांनी विश्वास ठेवला. पत्रे हाती आली तेव्हा त्यांत बेटाचे नावच नव्हते. माले येथे उतरल्यावर कळले की, त्याची शाळा एका प्रवाळबेटांच्या समूहात आणि तिची दुसऱ्याच समूहात. मधला प्रवास बोटीचा, आणि तोही समुद्र शांत असेल तर. पहिल्या वर्षात ही दोघे केवळ चार वेळा भेटली. मावशी आम्हांस विचारी, "अरे, लग्न करून पाठविली ती एकत्र राहण्यासाठी ना?" यावर कोणाजवळही उत्तर नव्हते.

दुसरी अडचण अधिक किरकोळ वाटेल, पण सर्वांत जास्त जोडपी तिथेच अडतात. ती म्हणजे नावाची. लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलण्याची आपली रीत. पदवी माहेरच्या नावाची, पारपत्र सासरच्या नावाचे, आणि विवाहाच्या दाखल्यात तिसरेच काही. परदेशच्या कारकुनास ही एकच स्त्री आहे हे कसे कळावे? माझ्या भावजयीची पदवी यापायी तीन महिने तपासणीत अडकून पडली. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हे मी येथे मुद्दाम सांगतो. ज्यांनी बदलले असेल त्यांनी अर्जापूर्वीच प्रतिज्ञापत्र आणि विवाहनोंदणीचा दाखला यांच्या आधारे सर्व कागद जुळवून घ्यावेत. हा दाखला जोडप्यास पदवीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण एकाची नोकरी लागली तर दुसऱ्याचा व्हिसा त्यावरच मिळतो. मात्र आश्रित म्हणून मिळालेल्या व्हिसावर काम करण्याची मुभा आपोआप मिळत नाही. त्यासाठी बहुधा वेगळा परवाना लागतो.

कागदांच्या प्रमाणीकरणाविषयी थोडक्यात. भारत २००५ पासून हेग कराराचा सदस्य असल्याने ओमान (२०१२ पासून) आणि सौदी अरेबिया (२०२२) यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिरातीसाठी दूतावासाचीही पायरी चढावी लागते.

मध्यस्थाविषयी बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणारा मध्यस्थ नोंदणीकृत असावा लागतो, आणि उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क त्याला घेता येत नाही. त्याचा क्रमांक केंद्र शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येतो. हे काम गावातील कोणताही शिक्षक पाच मिनिटांत करू शकेल. माझ्या मावसभावाने ते केले नव्हते, आणि शासकीय नोकरीत असूनही मीही त्याला ते सुचविले नाही. ती खंत मला आहे.

दोघांची करारपत्रे स्वतंत्र मागावीत. नेमणुकीचे स्थळ, निवासस्थान एकच की दोन, वेतन कोणत्या चलनात आणि घरी पैसे पाठविण्यावर मर्यादा आहे काय, वार्षिक रजेचे विमानभाडे कोण देणार, हे लेखी असावे. मालदीवात वेतन रुफियात मिळते आणि डॉलरच्या टंचाईमुळे घरी रक्कम धाडणे अवघड होऊन बसते, हे तेथील शिक्षकांचे मोठे दुःख आहे. शिवाय त्या देशात इस्लामखेरीज अन्य धर्माची पूजा उघडपणे करता येत नाही आणि पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत. देव्हारा बरोबर नेण्याचा विचार असेल तर तो येथेच सोडावा.

ती दोघे दुसऱ्या वर्षी अर्ज-विनंत्या करून एकाच बेटावर आली आणि अद्याप तेथेच आहेत. त्यांच्या करारपत्राची प्रत, नावे झाकून, मी सोबत आणली आहे. ज्यांना ती पाहावयाची असेल त्यांनी चहापानानंतर माझ्याकडे यावे.