अंतराळवीर आणि मुतखडा

25 जून 2025ला ॲक्सिअम-4 मोहीम निघाली, तेव्हा आपल्या कौतुकाचा सगळा ओघ शुभांशू शुक्लांकडे होता, आणि उरलेला मेथी-मुगाकडे. साहजिकच आहे, ते बियाणं इथल्याच धारवाड कृषी विद्यापीठाचं आणि आयआयटी धारवाडचं. वर नेऊन त्याला मोड आणले. पण मोहिमेच्या प्रमुख पेगी व्हिटसन यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. बाई जीवरसायनशास्त्रज्ञ आहेत आणि त्यांच्या संशोधनाचा एक विषय आहे मुतखडा. हसू नका.

1982 साली साल्युत-7 या सोव्हिएत स्थानकावर अनातोली बेरेझोव्होय यांच्या कुशीत अशी कळ उठली, की त्यांना खाली आणायचा विचार सुरू झाला. मुतखड्याचाच संशय होता. सुदैवानं कळ आपोआप थांबली. दोन वर्षांनी त्याच स्थानकावर आपले राकेश शर्मा गेले.

वर भार नाही म्हणजे हाडांना काम नाही. शरीर हिशेबी असतं. बिनकामाचं हाड ते पोसत नाही. व्यायाम पुरेसा नसेल तर कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक-दीड टक्क्यानं घटते. ते कॅल्शियम लघवीत उतरतं. त्यात माणसं पाणी कमी पितात, लघवी घट्ट होते आणि खडा धरायला वाव मिळतो. 2009मध्ये तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचं लघवीचं पाणी करणारं यंत्रच तुंबलं. लघवी टिकावी म्हणून तिच्यात गंधकाम्ल घालत. अंतराळवीरांच्या लघवीत कॅल्शियम अपेक्षेपेक्षा जास्त निघालं आणि आत जिप्समचा साका धरला!

आता तपासणीचं. सोनोग्राफी आज खडा आहे की नाही एवढंच सांगते. धडधाकट, निर्व्यसनी वैमानिकाची सोनोग्राफी स्वच्छच येणार, पण तीन महिन्यांनी वर काय होईल ते त्यात दिसत नाही. त्यासाठी चोवीस तासांची लघवी तपासावी लागते. सकाळची पहिली टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतचा थेंबन्‌थेंब कॅनमध्ये. मग एकूण किती भरली, कॅल्शियम, ऑक्झलेट, सोडियम, युरिक ॲसिड किती, आणि खड्याला अटकाव करणारं सायट्रेट किती, हे बघायचं. व्हिटसनबाईंनी हेच केलं. 2002मध्ये त्या पहिल्यांदा स्थानकावर राहायला गेल्या, तेव्हा त्यांचा हा प्रयोग तिथे चालू होता. काहींना पोटॅशियम सायट्रेटच्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या नकली. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीत कॅल्शियम कमी भरलं.

माझं म्हणणं असं, की या कॅनची गरज अंतराळवीराइतकीच इथल्या रायापूरच्या कारखान्यांत भट्टीजवळ घाम गाळत उभं राहणाऱ्यांना आहे. दुसऱ्यांदा खडा झालेल्या माणसालाही आपल्याकडे बहुधा सोनोग्राफी करून, ‘पाणी पी’ म्हणून घरी पाठवतात. घरी कुळथाचं कढण सुरू होतं आणि दूध बंद. कढण खुशाल प्या, निदान तेवढं पाणी तरी पोटात जातं. दूध मात्र स्वतःच्या मनानं सोडू नका. जेवणातलं कॅल्शियम खडा घडवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून बाहेर नेतं. सोडायचंच तर ताटातलं लोणचं-पापड सोडा, कारण मिठाबरोबर लघवीत कॅल्शियम वाढतं. आणि किती तांबे प्यायलात हे मोजू नका. दिवसाला लघवी दोन-अडीच लिटर होते का, ते बघा. उन्हाळ्यात घामच इतका जातो, की चार तांबेही पुरत नाहीत.

आता प्रश्न विचारा. मुतखड्याचे आधी घेऊ, अंतराळाचे मागाहून.