चिठ्ठीपलीकडचा रुग्ण

1948 च्या फार्मसी कायद्याच्या 42 व्या कलमाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध रुग्णाला देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यापुरता राखून ठेवला, आणि 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने त्या अधिकाराला औषधाविषयी रुग्णाला समजावून सांगण्याच्या कर्तव्याची जोड दिली. आज पदवी स्वीकारणाऱ्या स्नातकांचा अधिकार नोंदणीच्या दिवशीच पूर्ण होईल. कर्तव्य मात्र समोर येणाऱ्या प्रत्येक रुग्णागणिक नव्याने शिकावे लागेल. सर्वांना एकच औषध, एकाच दराने आणि ठरावीक वाक्यात देणे ही समान सेवा झाली. ज्याला जितकी मदत लागेल तितकी देऊन औषधाचा गुण प्रत्येकापर्यंत पोचेल असे पाहणे, ही समन्यायी सेवा होय. औषधनिर्मात्याचे शिक्षण या दुसऱ्या सेवेसाठी असते.

संधिवाताच्या एका प्रकारात दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले तर तोंड सोलवटते, अस्थिमज्जा म्हणजे हाडांतील रक्तपेशी तयार करणारा गर निकामी होऊ लागतो आणि रुग्ण दगावूही शकतो. त्याचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत फॉलिक ॲसिड दिले जाते, आणि या दोन्ही गोळ्या पुष्कळदा लहान व पिवळ्या असतात. डॉक्टरांची चिठ्ठी बिनचूक आहे, औषध अस्सल आहे, पण स्ट्रिपवरचे इंग्रजी न वाचता येणाऱ्या, आठवडा बाजाराच्या वारावरून मोजणाऱ्या वृद्धेच्या घरी या दोन गोळ्यांची अदलाबदल व्हायला एक संध्याकाळ पुरते. तिला ‘ही गोळी फक्त बाजाराच्या दिवशी, एरवी हिला हात लावायचा नाही’ असे सांगणे, त्या स्ट्रिपला जाड दोरा बांधून देणे आणि तिने ते आपल्या शब्दांत परत सांगेपर्यंत पिशवी हातात न देणे, एवढ्याने तो धोका बराच टळतो. ‘समजले ना?’ या प्रश्नाला बहुतेक रुग्ण भिडेपोटी होकार देतात. म्हणून समजल्याची खूण त्या होकारात शोधू नये, रुग्णाच्या तोंडून आलेल्या वाक्यात शोधावी, आणि ते वाक्य चुकले तर सांगण्यात काही कमी राहिले असे मानून पुन्हा सांगावे. मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली व पावरी, गडचिरोलीत गोंडी व माडिया बोलणाऱ्या घरांत मराठीही परकी वाटू शकते, याचे भान तर मराठी औषधनिर्मात्याने विशेषत्वाने ठेवायला हवे.

हातावर पोट असलेला मजूर दोन दिवसांच्या गोळ्या सुट्या मागतो, तेव्हा स्ट्रिप कापताना मुदतीची तारीख असलेला तुकडा अनेकदा दुकानातच राहतो आणि गरिबाच्या हाती निनावी गोळ्या पडतात.  तारीख आणि औषधाचे नाव कागदी पाकिटावर लिहून देण्याला पैसा लागत नाही.

क्षयरोगाचे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत असतील, तर उपचार साधारण सहा महिने चालतो, आणि उसाचा गाळप हंगामही कित्येकदा पाच-सहा महिन्यांचा असतो. बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन निघालेले जोडपे दिवाळीच्या सुमारास दूरच्या फडावर जाते, तेव्हा गावातल्या केंद्रावर सुरू झालेले औषध वाटेत तुटते, आणि अर्धवट उपचारातून औषधांना न जुमानणारे जंतू उद्भवण्याचा धोका वाढतो. 2018 पासून क्षयरोगाची औषधे विकणाऱ्या दुकानांनाही अशा रुग्णांची माहिती शासनाला कळवणे बंधनकारक आहे. साखर कारखान्याच्या गावातील औषधनिर्मात्याने ही केवळ नोंदवही भरण्याची बाब न मानता, आलेला रुग्ण कोणत्या गावचा, त्याचा निक्षय या सरकारी नोंदप्रणालीतील क्रमांक काय आणि हंगाम संपल्यावर तो कुठे जाणार, एवढे विचारले, तर तुटलेला उपचार पुन्हा जोडता येतो. रुग्णाला बेजबाबदार ठरवणे सोपे असते, पण ज्याचे घरच सहा महिने फडावर असते त्याच्याबाबतीत ते अन्यायाचे आहे.

एचआयव्हीबाधित व्यक्तीशी भेदभाव करण्यास आणि तिची माहिती संमतीशिवाय उघड करण्यास 2017 च्या कायद्याने मनाई केली, तर तृतीयपंथी व्यक्तींना आरोग्यसेवेत भेदभावापासून 2019 च्या कायद्याने संरक्षण दिले. तरीही गर्दीच्या काउंटरवर औषधाचे नाव मोठ्याने उच्चारले गेले की कायदा तिथे अपुरा पडतो. तातडीचे गर्भनिरोधक मागणाऱ्या तरुणीकडे रोखलेली एक नजरही तिला तिथून परत पाठवू शकते. दृष्टिहीन रुग्णांसाठी युरोपीय संघाने औषधाचे नाव वेष्टनावर ब्रेलमध्ये छापण्याचा नियम 2004 मध्ये केला. भारतातील बहुतेक वेष्टनांवर ब्रेल आढळत नाही, आणि ते येईपर्यंत सकाळच्या स्ट्रिपला एक व रात्रीच्या स्ट्रिपला दोन रबरबँड लावून देण्याचे काम औषधनिर्मात्याकडेच राहते.

ही समन्यायी सेवा शिकवण्यासाठी महाविद्यालयांनीही आपली बाजू सांभाळायला हवी. प्रयोगशाळेत मलम घोटण्याला जसे गुण असतात, तसे समजावण्याच्या कौशल्यालाही असावेत: दृष्टिहीन तरुण, कमी ऐकू येणारे आजोबा, मराठी न जाणणारी माता यांना संमतीने व योग्य मानधन देऊन परीक्षेस बोलवावे, विद्यार्थ्याने त्यांना औषध समजावून द्यावे, आणि बाहेर पडताना त्यांना औषध नेमके कसे घ्यायचे हे सांगता आले की नाही, यावर परीक्षकाने गुण ठरवावेत.