देवगिरीचे धनी
(ज्युबिलीच्या प्रसंगीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं आपण आपल्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींकडे कृतज्ञतेनें पाहात आहों. ही वास्तु खरोखर कोणाची, असा प्रश्न अशा वेळीं मनांत येतो. त्याचें उत्तर आम्ही देवगिरीच्या किल्ल्यापाशीं शोधूं इच्छितों. चकलांब्याहून गोदावरी ओलांडून उत्तरेस गेलें कीं, पैठणच्या पलीकडे तो लागतो.

इ. स. ११८७ च्या सुमारास भिल्लम यादवानें येथें राजधानी केली. तासलेले कडे, खडकांत खोदलेला खंदक, अंधारा भुयारी मार्ग. असा गड बळानें घेणें कठीण. पण १२९६ त अल्लाउद्दीन खिलजीनें वेढा दिला तेव्हां, इतिहासकार फेरिश्ता म्हणतो त्याप्रमाणें, घाईनें गडावर चढविलेल्या पोत्यांत धान्याऐवजीं मीठ निघालें. पोतीं कोणीं उघडून पाहिलीं नव्हतीं. रामदेवरावास शरण जावें लागलें.

पुढें धनी बदलत गेले. १३२७ त महंमद तुघलकानें गडास दौलताबाद हें नांव देऊन दिल्लीची राजधानी येथें आणिली. १३४७ त बहामनी राज्य येथेंच स्थापन झालें. १४९९ त गड निजामशाहीकडे, १६३३ त मोगलांकडे गेला. १६८७ नंतर गोवळकोंड्याच्या तानाशहाचा तो तुरुंग झाला. मग हैदराबादचा निजाम आला, १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर कांहीं काळ पेशवे, आणि पुन्हां निजाम. देवळांचे खांब मशिदीस लागले. त्याच मशिदींत १९४८ नंतर भारतमातेची मूर्ति बसली. आज पुरातत्त्व खातें गड राखतें व प्रवासी तिकीट काढून तो पाहतात.

या सर्व धन्यांपेक्षां आम्हांस दोन सेवक थोर वाटतात: निजामशाहीतील किल्लेदार जनार्दनस्वामी व त्यांचे शिष्य, पैठणचे संत एकनाथ. परंपरा सांगते कीं, हिशेबांतील एका पैची चूक शोधीत नाथ रात्रभर दिव्यापाशीं बसले आणि ती सापडतांच त्यांनीं आनंदानें टाळी वाजविली. गड त्यांचा नव्हता. तरी पै त्यांनीं सोडली नाहीं.

बंधुभगिनींनो, हें मंदिरही वाडवडिलांनीं आपणांस सांभाळण्यास दिलें आहे, मालकीस नव्हे. प्रभु येशूनें कारभाऱ्यांचे दृष्टांत सांगितले ते आपल्याचसाठीं. तेव्हां या ज्युबिलीच्या वर्षीं आपलीं पोतीं आपणच उघडून पाहूं या. मुलांना धर्मशिक्षण मिळतें काय? ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांची विचारपूस होते काय? मागें राहिलेल्या वृद्धांच्या दारीं कोणी जातें काय? दानाची पै न् पै जुळते काय?

पुढील पिढीच्या हातीं भरलेलें धान्य देतां यावें, म्हणून परमेश्वर आपणां सर्वांस विश्वासू कारभारी करो. आमेन.