पंच्याहत्तरीला नवं विद्यापीठ

मी बोलतोय कळंबोलीतून, जिथून पुण्याचा एक्सप्रेसवे सुरू होतो. आजची गोष्ट बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकरांची.

जन्म १८७३. मुंबई हायकोर्टात वकिली. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली, अध्यक्ष जयकर. पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो पैसा रस्त्यांसाठीच बाजूला ठेवा, असं समितीने सुचवलं. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत तेजबहादूर सप्रूंसोबत मध्यस्थीलाही हेच. पुढे फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, मग लंडनची प्रिव्ही कौन्सिल.

एवढं झाल्यावर माणूस आरामखुर्चीत बसला असता ना? पण १९४८ मध्ये, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. हाताशी काय, तर गणेशखिंडीतला गव्हर्नरांचा जुना बंगला आणि कोरी पाटी. १९५६ पर्यंत ते तिथे राबले. तिथल्या ग्रंथालयाला आज त्यांचंच नाव आहे.

एलएलबी करताय आणि पंचविशीतच 'आता उशीर झाला' वाटतंय? जयकरांचं वय आठवा आणि फॉर्म भरून टाका. भेटू पुढच्या भागात!