ओहोटी बघून धावणं
(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



मी उभी राहिले तेव्हा मागच्या रांगेत जे हसू पिकलं ते मला ऐकू आलं. बरोबरच आहे. आठशे मीटरच्या शर्यतीत शेवटून पहिली आलेली मुलगी तीस वर्षांनी धावण्यावर बोलणार! पण त्या शर्यतीत निम्म्या अंतरापर्यंत मीच पुढे होते, हे कोणाच्या लक्षात नाही. आधी जीव खाऊन पळायचं आणि नंतर पोटात कळ आली की कडेला बसायचं, ही माझी पद्धत. चाळिशीत मी हीच चूक पुन्हा केली, तीही इंजिनिअर होऊन.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी पुण्याहून इथे येऊन घरून काम करत होते. वाडीतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. वीज नाही, रेंज नाही, लॅपटॉप बंद. मग आईबरोबर झावळ्या ओढायला लागले. सत्तरीची आई थांबत नव्हती. मला दर चार झावळ्यांमागे धाप लागत होती. पुढे रक्त तपासलं, तर साखर काठावर. पावसाळा ओसरल्यावर मी किनाऱ्यावर धावायला सुरुवात केली.

सुरुवात म्हणजे काय, तर रोज घड्याळ लावून कालच्यापेक्षा जोरात आणि कालच्यापेक्षा लांब. तीन आठवडे आकडे सुधारले. चौथ्या आठवड्यात नडगी ठणकायला लागली आणि पुढचे दीड महिने मी ओट्यावर बसून होते. आपल्याला वाटतं, दम वाढला म्हणजे शरीर तयार झालं. पण हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. हाडांना आणि कंडरांना महिने लागतात. शिवाय प्रोग्रॅममध्ये एका वेळी दोन बदल केले तर बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही, हे मी ऑफिसात नवीन मुलांना रोज सांगते. इथे मात्र अंतर आणि वेग दोन्ही एकदमच वाढवत होते.

सक्तीच्या विश्रांतीत न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याबद्दल वाचलं. त्यांचा शिष्य पीटर स्नेल याने १९६० आणि १९६४ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये आठशे मीटरचं सुवर्णपदक मिळवलं. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या त्या शर्यतीसाठी लिडियार्ड त्याला आठवड्याला १६० किलोमीटरपर्यंत धावायला लावत, तेही बरंचसं आरामात. आरामात धावल्याने स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींची ऊर्जा तयार करण्याची ताकद वाढते आणि हाडांनाही सावरायला वेळ मिळतो. मग वेग त्यावर उभा राहतो.

आरामात म्हणजे किती? बोलता आलं पाहिजे इतकं. एकटीने बोलायचं कोणाशी, म्हणून मी पाढे म्हणायला लागले. बाई, तुम्ही पाठ करून घेतलेला एकोणतीसचा पाढा इतक्या वर्षांनी कामाला आला. मध्येच श्वास तुटला तर वेग कमी करायचा. त्या हिशेबात मला एका किलोमीटरला नऊ मिनिटं लागायची. गळ घेऊन निघालेल्या एका काकांनी तर काळजीने विचारलं, "काय गो, बरं नाय काय?" लाज वाटायची, पण नडगी दुखेना.

बाकीचं वेळापत्रक समुद्राने ठरवलं. आजोबांची पाऊणकी आठवतेय ना कोणाला? तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, म्हणजे पहाटे सगळी पुळण पाण्याखाली. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे भल्या पहाटे ओहोटी आणि ओली, घट्ट वाळू. सुरूच्या बनाजवळच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत धावायला टणक जमिनीच्या सुमारे दीडपट ऊर्जा लागते. तिथे मी फिरकत नाही. लांबची धाव पंधरा दिवसांतून एकदा, ओहोटीला, आणि दर वेळी एकच किलोमीटर जास्त. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय कायम खाली पडतो. म्हणून जेवढं अक्षीच्या दिशेने जायचं तेवढंच त्याच वाळूवरून परत यायचं. भरतीच्या दिवसांत चौलच्या रस्त्याला, तेही पर्यटकांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत.

वेगाचा सराव पाच महिन्यांनी सुरू केला, आठवड्यातून एकदाच. ओढून ठेवलेल्या एका होडीपासून दुसरीपर्यंत जोरात, मग दम परत येईपर्यंत रमतगमत. असं सहा वेळा. आणि दोनदा उठाबशा! चाळिशीनंतर आपल्या बायकांचे स्नायू आणि हाडं झिजायला लागतात, त्यावर हा स्वस्त उपाय. सर, शिक्षा म्हणून काढल्या तेव्हा कदर नव्हती.

दोन वर्षांत माझे पाच किलोमीटर ४१ मिनिटांवरून ३१वर आले. पुढे मुंबईची अर्धमॅरेथॉन धावले. माहीमहून सुटल्यावर सी-लिंकवर शेकडो लोक मला मागे टाकून गेले. मी आपली पाढे म्हणत होते. शेवटी पेडर रोडचा चढ लागला. तिथे त्यांच्यातले कितीतरी जण चालत होते आणि मी धावत होते. मला आपलं शाळेचं मैदान आठवलं आणि, खरं सांगते, चढावर रडू आलं. श्वास तुटला तो तेवढाच.

मगाशी आपण दोन मित्रांसाठी उभे राहिलो. दोघंही पन्नाशीच्या आत गेले. म्हणून एवढं ऐका: ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्या. छातीत दडपलं, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा. "जरा पित्त असेल" म्हणू नका.

उद्या द्वितीया. पूर्ण भरती दीडला, म्हणजे ओहोटी साडेसातच्या सुमारास. मी साडेसहाला सुरूच्या बनापाशी असेन. पहिल्या दिवशी एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, वीस मिनिटांत परत. बूट नसले तरी चालेल. मागच्या रांगेतल्यांनी जरूर यावं. नंतर पोहे आमच्याकडे.