लांब पल्ल्याची नेमबाजी : एकसारख्या काडतुसांचे शास्त्र

(नेमबाजीची आवड असणाऱ्या तरुणांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



नेमबाजीचा विषय निघाला की बोलणे साहजिकच स्थिर हात, तीक्ष्ण दृष्टी आणि शांत मन यांच्याकडे वळते. या तिन्ही गुणांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु आज मला ज्या गोष्टीविषयी बोलावयाचे आहे, ती नेमबाज मैदानावर पाऊल ठेवण्यापूर्वीच सिद्ध झालेली असते. ती म्हणजे त्याचे काडतूस. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांतील हजार वारांवर नेम धरणारे अनेक नेमबाज आपली काडतुसे स्वतःच्या हाताने भरतात. बाजारात तयार माल मिळत असता हा खटाटोप ते कशासाठी करतात, हे समजून घेण्याजोगे आहे.

एक टक्क्याचा हिशेब

काडतुसाची अंगे चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. घोड्याच्या आघाताने टोपी पेटते, दारू जळते आणि निर्माण झालेला वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. '.३०८' जातीच्या रायफलीतून १५५ ग्रेन, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. हजार वार, म्हणजे ९१४ मीटर अंतर कापण्यास तिला सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षणामुळे ती नळीच्या रेषेपासून नऊ-दहा मीटर खाली येते. रायफलीवरील दर्शक तितका वर चढवून नेमबाज ही तूट भरून काढतो.

आता समजा, एका काडतुसाचा वेग दुसऱ्यापेक्षा केवळ एक टक्क्याने कमी पडला. शंभर वारांवर हा फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. तो कोणाच्या ध्यानातही येणार नाही. हजार वारांवर मात्र तीच गोळी जवळजवळ वीतभर खाली लागते. इंग्लंडमधील हजार वारांच्या लक्ष्यावर सर्वांत आतील वर्तुळाचा व्यास १४.४ इंच असतो. म्हणजे अगदी मध्यावर धरलेला नेमही त्या वर्तुळाबाहेर जाणार, आणि त्यात नेमबाजाचा काडीमात्र दोष नसणार.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सर्वच गोळ्या सारख्याच मंद असतील तर काही बिघडत नाही. दर्शक आणखी थोडा चढविला की काम झाले. एक जलद आणि एक मंद अशा गोळ्यांना मात्र कोणताही दर्शक पुरा पडत नाही. म्हणून लांब पल्ल्याचा नेमबाज अधिक वेगाच्या मागे न लागता एकसारख्या वेगाच्या मागे लागतो.

परंपरा जुनी आहे

सप्टेंबर १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात ८००, ९०० व १००० वारांवर सामना झाला. आयरिश नेमबाजांच्या रायफली तोंडाकडून भरावयाच्या, तर अमेरिकनांच्या मागून काडतूस घालावयाच्या होत्या. अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ अशा अवघ्या तीन गुणांनी सामना जिंकला. एका आयरिश नेमबाजाची गोळी भलत्याच लक्ष्यावर लागली होती, तिचे गुण धरले असते तर निकाल फिरला असता, इतका तो अटीतटीचा झाला.

पुढे अमेरिकेतील डॉ. फ्रँकलिन मान यांनी अनेक वर्षे प्रयोग करून १९०९ मध्ये गोळीच्या उड्डाणावर ग्रंथ लिहिला. गोळीच्या टोकाला पडलेल्या खोचेपेक्षा तिच्या बुडाचा दोष अधिक घातक ठरतो, हे त्यांनी दाखवून दिले. नुसत्या डोळ्यांना जे महत्त्वाचे भासते ते तसे असतेच असे नाही, हा त्यांच्या श्रमांचा मोठा धडा होय.

टेबलावरील साधना

काडतूस भरणारा नेमबाज प्रथम एकाच कारखान्याच्या, एकाच लॉटच्या पुंगळ्या निवडतो आणि वजनाप्रमाणे त्यांची वर्गवारी करतो. पुंगळी जड म्हणजे पितळ अधिक आणि आतील जागा कमी. तेवढ्याच दारूचा दाब मग वाढतो. वारंवार वापराने पितळ कडक होते व पुंगळीची मान गोळीला कमी-अधिक आवळून धरते. म्हणून मान बेताने तापवून मऊ केली जाते. पुंगळ्यांची लांबी सारखी कापली जाते, टोप्या सारख्या खोलीवर बसविल्या जातात. दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलली जाते. आपल्या सोनाराच्या गुंजेचा हा साधारण एकोणिसावा हिस्सा! गोळी किती खोल बसली हे तिच्या टोकावरून न मोजता गोलाईवरील ठरावीक बिंदूपासून मोजतात, कारण टोके कधीच तंतोतंत सारखी नसतात.

या कामात बेफिकिरीला क्षमा नाही. दारूची जात चुकली वा माप दुप्पट पडले तर रायफल फुटून प्राणावर बेतते. म्हणूनच उत्पादकाने ठरविलेली मर्यादा हे लोक ओलांडीत नाहीत, टेबलावर एका वेळी एकच दारू ठेवतात आणि प्रत्येक घाण्याची नोंद करतात.

मग वाऱ्याचे काय?

कोणी म्हणेल, हजार वारांवर सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वाराही गोळीला हातभर बाजूला नेतो. मग वीतभराची एवढी चिंता कशाला? शंका रास्त आहे, आणि तिच्या उत्तरातच या साऱ्या खटाटोपाचे मर्म आहे. वेगातील फरक गोळीला वर-खाली नेतो, आडवा वारा डावी-उजवीकडे. काडतुसे एकसारखी असतील तर डावीकडे गेलेली गोळी वाऱ्याची साक्ष देते आणि खाली गेलेली गोळी नेमबाजाला स्वतःचा श्वास व बोट तपासावयास लावते. काडतुसांचाच भरवसा नसेल तर कोणत्याही चुकीचे कारण सापडत नाही, आणि कारण न सापडलेल्या चुकीपासून वर्षानुवर्षांच्या सरावानंतरही काही शिकता येत नाही. चांगले काडतूस नेमबाजाला त्याची चूक खरेपणाने सांगते.

आपल्यासाठी बोध

आपल्या देशात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याविना काडतूस तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे. तेव्हा घरी असा प्रयोग करण्याचा विचार कोणीही मनात आणू नये. शिस्तीचा मार्ग मात्र आपल्याला खुला आहे. ५० मीटर रायफल प्रकारातील काडतुसांची टोपी वेगळी नसते; पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या कडेतच असते. त्यामुळे ती पुन्हा भरता येत नाहीत. येथे नेमबाज आपली रायफल पक्की जखडून निरनिराळ्या लॉटची काडतुसे झाडून पाहतो आणि तिला मानवणारा लॉट निवडतो. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. याच ५० मीटरवर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिच येथे जागतिक सुवर्णपदक मिळविले आणि राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकाविले.

लॉटची परीक्षा करताना तीन गोळ्यांचा सुंदर पुंजका पाहून हुरळून जाऊ नये. तो योगायोगही असू शकतो. दहा-दहा गोळ्यांचे अनेक पुंजके घ्यावेत, हवामान, तापमान व लॉट क्रमांक वहीत लिहावेत आणि मगच निर्णय करावा. उत्तम रायफल आणि परदेशी काडतुसे प्रत्येकाला परवडतील असे नाही. वही आणि पेन्सिल मात्र प्रत्येकाजवळ आहे. आपण सर्वांनी आरंभ तेथूनच करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.