पटावर हजर, पडवींत उभा
(पालकसभेंत एका खेडेगांवच्या शिक्षकानें केलेलें भाषण)



आज माझ्याच धंद्यांतली एक खोड तुमच्यापुढें मांडतों. पोर दंगा करूं लागलें कीं आम्ही मास्तर म्हणतों, "ऊठ, बाहेर उभा राहा." तें पडवींत उभें राहतें, कधीं पांच मिनिटें, कधीं पुरा तास. हजेरीपटावर मात्र हजरच! तुम्ही समजतां, लेंकरूं शिकत आहे.

शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला व मूल शाळेंत न धाडणाऱ्या बापास दंड ठेविला. पण मूल शाळेंत असून धड्याबाहेर राहिलें, तर दंड कोणास? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें आठवीपर्यंत मुलास शाळेंतून काढून टाकतां येत नाहीं. मग वर्गाच्या दाराबाहेर काढलें, तर विचारणार कोण?

ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस पाठाचें टांचण काढावयास शिकविलें. बाहेर काढलेल्या पोराची नोंद ठेवावयास नाहीं. गेल्या वर्षीं मीं ती एक महिना ठेविली: नांव, वेळ, विषय, कारण. महिनाअखेर पाहतों तों मान खालीं गेली. दंगा करणारीं पोरें पुष्कळ, पण बाहेर गेलेलीं फिरून फिरून तींच चार. एक पोर आईबापांबरोबर दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेलें, चैत्रांत परतलें. तोंवर वर्गाचे अपूर्णांक होऊन गेले होते. त्याचा दंगा गणिताच्याच तासाला! एका पोरीस फळ्यावरचें दिसत नव्हतें, म्हणून ती शेजारणीस विचारी. मी तिला वाचाळ म्हणें. एका बड्या घरचा मुलगा तिच्याहून अधिक बोले. त्याचें नांव वहींत एकदांही नाहीं. हें दुसऱ्यानें सांगितलें असतें तर मी भांडलों असतों. पण अक्षर माझेंच होतें.

कोणी म्हणेल, एकानें सगळ्यांचा धडा बुडवावा काय? नाहीं. कधीं बाहेर काढावेंच लागतें. पण मग लिहावें, आणि त्याच दिवशीं घरीं कळवावें. इंग्लंडांत शिक्षणखात्यानें २०२२ सालीं शाळांस असेंच सांगितलें. आपण साहेबाच्या हुकुमाची वाट कशास पाहावी? शाळा व्यवस्थापन समितींत चारांत तीन सभासद पालकच असतात. पुढल्या बैठकींत सहीसाठीं कागद पुढें येतील, तेव्हां आधीं ती वही मागा.

माझी वही मीं आणली आहे. पोरांचीं नांवें झांकून ती या टेबलावर ठेवतों.